दादासाहेब फाळके: आपली नजर ओळखणारा माणूस

यूट्यूब उघडल्यावर कोणता व्हिडिओ बघायचा हे तुम्ही कसं ठरवता? नाव वाचून? बहुतेक वेळा नाही. आधी नजर एखाद्या चित्रावर थांबते, मग बोट पडतं, आणि नाव राहून गेलं तर आपण नंतर वाचतो. नजर पुढे, निर्णय मागून. मी सॉफ्टवेअरचं काम करतो. ॲपमधलं बटण कुठे आणि कोणत्या रंगाचं ठेवायचं यावर आमच्या क्षेत्रात तासन्‌तास चर्चा चालतात, त्या याच कारणाने. पण हे गणित स्मार्टफोनच्या कितीतरी आधी एका मराठी माणसाने ओळखलं होतं. आमच्या पारोळ्याहून धुळे, मालेगाव करत नाशिक गाठलं की पुढे त्र्यंबकेश्वर लागतं. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब, तिथले.

फोटो, छपाई आणि जादू

फाळके जन्मले ३० एप्रिल १८७० रोजी. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ टाकला. फोटो काढला की माणसातली शक्ती जाते, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. त्यातच प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेलं, स्टुडिओही संपला. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, लोणावळ्याला छापखाना चालवला, रंगीत छपाई शिकायला जर्मनीला जाऊन आले.

या सगळ्यात ते जादूचे प्रयोगही करायचे. आडनाव उलटं करून त्यांनी नाव घेतलं होतं प्रोफेसर केळफा! जादूगाराचं अर्धं काम हातचलाखीचं असतं, अर्धं नजर वळवण्याचं. उजव्या हातात रुमाल हलत असताना डाव्या हाताकडे कोणी बघत नाही. समोर असूनही दिसत नाही.

असं का होतं?

एक हात पुढे लांब करा आणि अंगठा उभा धरा. नखाएवढ्या त्या जागेतच आपल्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतं. बाकी सगळं धूसर. म्हणून डोळा सेकंदाला साधारण तीन वेळा उडी मारतो आणि तुकडे जोडत जातो. पुढची उडी कुठे मारायची हे ठरवताना हलणारी वस्तू, उठून दिसणारा रंग आणि माणसाचा चेहरा यांना आधी मान मिळतो. शिवाय ज्या वस्तूवर नजर जास्त वेळ टिकते ती निवडली जाण्याची शक्यता वाढते, असं प्रयोगांत दिसलं आहे. गंमत बघा, थंबनेल या शब्दाचा अर्थही अंगठ्याचं नख असाच आहे. लाल ठिपक्याचं नोटिफिकेशन, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, मोठा केलेला चेहरा, सगळे त्या नखाएवढ्या जागेसाठी भांडतात.

वाटाण्याचा रोप आणि कर्ज

गिरगावातल्या एका तंबूत फाळक्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपले देव पडद्यावर आणायचं ठरवलं. मग रात्रंदिवस चित्रपट बघणं, फिल्मवर प्रयोग करणं, अपुरी झोप. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. १९१२ मध्ये लंडनला जाऊन ते विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले.

आता भांडवल हवं होतं. हलती चित्रं इथे बनू शकतात, हे नुसतं सांगून कोण ऐकणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर ठरावीक वेळाने त्याची एकेक चौकट टिपली. आज तुमच्या फोनमध्ये टाइमलॅप्स आहे, तेच तंत्र. पडद्यावर मिनिटभरात रोप उगवलं आणि पैसेवाले कर्ज द्यायला तयार झाले. दुसरी पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत कामही केलं. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

तीन आण्यांची जाहिरात

सुरतेत मात्र पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये, असं सांगतात. फाळक्यांनी चित्रपट बदलला नाही, जाहिरात बदलली. फक्त तीन आण्यांत सत्तावन्न हजार फोटो आणि दोन मैल लांबीचं चित्र बघायला मिळेल, असा तिचा आशय होता. गल्ला तीनशेच्या घरात गेला म्हणे.

हिशेब करून बघू. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट नोंदलेली आहे. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. म्हणजे सुमारे ५९ हजार फोटो. आकडा जवळपास बरोबर! पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. तिथे या एका चित्रपटाच्या जवळपास तिप्पट लांबी सांगितली गेली. आजच्या भाषेत ही पक्की क्लिकबेट. फरक एवढाच की तीन आणे मोजताना प्रेक्षकाला किंमत कळत होती आणि खेळ संपला की तो घरी जात होता. आपल्या फीडला शेवट नाही, आणि किंमत जाते वेळेत.

नजर ओळखणारा हा माणूस पुढे मागे पडला. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि लोकांना पडद्यावर बोलणं ऐकू येऊ लागलं. फाळक्यांनी १९३७ मध्ये 'गंगावतरण' हा बोलपट केला, पण जुने दिवस परतले नाहीत. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं.

आज रात्री करून बघा

फोनच्या सेटिंगमध्ये स्क्रीन काळी-पांढरी करायची सोय असते. ती तासभर चालू ठेवा आणि हात कोणत्या ॲपकडे कमी जातो ते बघा. मग फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' इंटरनेटवर शोधा. त्यात कृष्ण झाली आहे त्यांचीच मुलगी मंदाकिनी. दहा मिनिटं बघा, आणि आपली नजर कुठे कुठे जाते त्यावर लक्ष ठेवा. रंग नाही, आवाज नाही, तरी ती कुठे थांबते ते कमेंटमध्ये नक्की सांगा.