जोतीराव फुले आणि अंगठ्याची संमति

पालघर, बोईसर, तारापूर ह्या बाजूच्या मंडळ्यांतील वडील माणसांस लग्नगडी म्हणजे कोण हें सांगण्याची गरज नाहीं. तरुण वाचकांसाठीं मात्र सांगतों. वारली तरुणाचें लग्न ठरे, पण खर्चास पैसा नसे. तो सावकाराकडे जाई, थोडी रक्कम घेई, आणि ती फिटेपर्यंत त्याच्या शेतावर व घरीं राबण्याचें कबूल करी. लग्न झालें कीं बायकोही त्याच कामास जुंपली जाई. मजुरी नांवाचीच, मग कर्ज फिटणार कसें? कित्येकांचा सारा जन्म त्यांत गेला. कोणीं विचारलें तर सावकाराचें उत्तर तयार असे, कीं ह्यास कोणीं बांधून आणिलें नव्हतें. तो आपल्या पायांनीं आला व आपल्याच हातानें अंगठा देऊन गेला. मुंबई सरकारच्या आज्ञेवरून सिमिंग्टन साहेबांनीं डोंगरी लोकांच्या स्थितीची चौकशी केली, तिच्या १९३९ च्या अहवालांत ही चाल नमूद आहे.

असा दिलेला अंगठा ही संमति होय काय? पश्चिमेकडील विद्वानांनीं संमतीविषयीं मोठमोठे ग्रंथ लिहिले आहेत. आमच्या मराठी मुलुखांत हा प्रश्न ज्यांनीं शेतकऱ्याच्या बांधावर आणून उभा केला, त्या जोतीराव गोविंदराव फुले ह्यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवितों.

जोतीराव १८२७ सालीं पुण्यास माळी कुळांत जन्मले. ते अगदीं तान्हे असतांच आई चिमणाबाई वारली. वडिलांचा फुलांचा धंदा होता. मुलगा शाळेंत जाऊं लागला, पण माळ्याच्या पोरास अक्षरें कशाला, असें लोकांनीं वडिलांच्या कानांत भरविलें आणि मुलास शाळेंतून काढून बागेंत कामास लाविलें. पुढें मुनशी गफार बेग व लिजिट साहेब ह्या दोघां शेजाऱ्यांनीं गोविंदरावांची समजूत घातली, म्हणून १८४१ सालीं जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेंत गेले. एक मुसलमान व एक ख्रिस्ती शेजारी मध्यें पडले नसते, तर हें चरित्र लिहिण्याचा प्रसंगच आला नसता. पाड्यापाड्यांतून फिरणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंनीं हें ध्यानांत ठेवावें.

शाळेचा अभ्यास १८४७ सालीं संपला. त्याच सुमारास टॉमस पेन ह्या इंग्रज ग्रंथकाराचें मनुष्याच्या हक्कांविषयींचें पुस्तक त्यांच्या वाचनांत आलें. ह्याच पेननें पुढें पवित्र शास्त्राविरुद्धही एक पुस्तक लिहिलें. तें आम्हांस मान्य नाहीं, हें येथेंच सांगून ठेवितों. पण हक्कांच्या पुस्तकांतला त्याचा विचार तोलून पाहण्याजोगा आहे. मनुष्याचे मूळ हक्क राजानें दिलेले नसून ते जन्माबरोबर येतात; राज्य हें लोकांच्या संमतीनें उभें राहतें; आणि एका पिढीनें केलेला करार पुढच्या पिढ्यांस सदासर्वकाळ बांधूं शकत नाहीं, असें तो म्हणतो. बापाच्या कर्जापायीं ज्याच्या मुलास औताला जावें लागलें, त्या वारल्यास ह्या तिसऱ्या गोष्टीचा अर्थ पुस्तकावांचून कळेल.

पेनच्या शंभर वर्षें आधीं जॉन लॉक ह्या तत्त्ववेत्त्यानें हाच विचार मालमत्तेस लाविला होता. देवानें पृथ्वी सर्व मनुष्यांस मिळून दिली. प्रत्येकाचें शरीर त्याचें स्वतःचें, म्हणून त्या शरीराचे कष्टही त्याचेच. आणि ज्या भूमींत त्यानें कष्ट घातले ती, दुसऱ्यांस पुरेसें राहत असेल तर, त्याची होय. राजसत्ता नेमली ती ह्या हक्काच्या रक्षणासाठीं. आमच्या वाचकांस हें नवें वाटूं नये. नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजानें मागितला, मोबदलाही देऊं केला. पण नाबोथ कबूल झाला नाहीं, आणि राजाच्या इच्छेपेक्षां त्याचा नकार मोठा होता. म्हणूनच तर मळा घेण्यास खोटे साक्षीदार उभे करावे लागले. लॉकच्या मताचा वाईट उपयोगही झाला, हें सांगितलें पाहिजे. जे लोक नांगर धरीत नाहींत, रानावर जगतात, त्यांची भूमि पडीक समजून अमेरिकेंतील मूळ रहिवाशांपासून ती हिरावून घेणाऱ्यांनीं त्याच मताचा आधार घेतला. रानांत राहणाऱ्या आमच्या लोकांनीं तें मत म्हणूनच जपून वाचावें.

जोतीरावांनीं हा विचार कपाटांत ठेविला नाहीं. १८४८ सालीं एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातींत ते चालत होते, तेव्हां जातीवरून त्यांचा अपमान झाला. त्याच वर्षीं त्यांनीं पुण्यास मुलींची शाळा काढिली. अहमदनगर येथें अमेरिकन मिशनच्या फरार बाईंची शाळा त्यांनीं पाहिली होती. पत्नी सावित्रीबाई शिकवूं लागल्या, आणि ह्या कामापायीं उभयतांस वडिलांचें घर सोडावें लागलें. पुढें विधवांच्या मुलांसाठीं गृह, अस्पृश्यांस खुला केलेला स्वतःच्या घरचा हौद, हीं कामें सर्वांस ठाऊक आहेत.

मालमत्ता व संमति ह्यांविषयीं त्यांचें खरें बोलणें शेतकऱ्याचा असूड ह्या १८८३ च्या पुस्तकांत आहे. त्याच्या आठ वर्षें आधीं, १८७५ च्या मे महिन्यांत, पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले होते. जाळावयास त्यांस हवे होते ते कर्जरोखे; कारण आपल्या जमिनी गेल्या त्या ह्या कागदांनीं, एवढें त्यांस पक्कें समजलें होतें. त्या कागदांवर काय लिहिलें होतें हें मात्र पुष्कळांस कधींच कळलें नव्हतें. १८७९ च्या कायद्यानें शेतकऱ्याचे दस्त गांवच्या निबंधकासमोर लिहिले जावेत असें ठरविलें. जोतीरावांस रोग ह्याहून खोल दिसला. शेतकरी निरक्षर, कारकून व वकील एका जातीचे, सारा वाढता, आणि वर जंगलखात्यानें डोंगर व गायरानें बंद केलेलीं. अशा मनुष्यानें कबूल केलेली गोष्ट ही त्याची कबुली नव्हे, ती त्याच्या अज्ञानाची कबुली होय, असा त्या पुस्तकाचा रोख आम्हांस दिसतो. म्हणून १८८२ सालीं हंटर साहेबांच्या शिक्षण मंडळापुढें निवेदन देतांना, सरकारचा बहुतेक महसूल रयतेच्या घामांतून येतो व शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरीं पडतो, अशी तक्रार त्यांनीं केली, आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस सक्तीचें प्राथमिक शिक्षण मागितलें. ज्याच्या पैशावर राज्य चालतें त्यास वाचतां येत नसेल, तर त्याची संमति घेतली तरी कोणाची?

लग्नाकडेही त्यांनीं ह्याच दृष्टीनें पाहिलें. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं त्यांनीं सत्यशोधक समाज स्थापिला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत भटावांचून, अगदीं थोड्या खर्चांत, पहिलें लग्न लाविलें. त्यांनीं रचलेल्या विधींत वधू आपल्या हक्कांची मागणी करिते व वर ते देण्याची शपथ घेतो. दोघेंही आपल्या तोंडानें बोलतात, जमलेले लोक ऐकतात. लग्नाच्या खर्चांतून ज्या जिल्ह्यांत माणसें गहाण पडलीं, तेथें ही रीत त्या काळीं पोंचली असती तर किती घरें वांचलीं असतीं!

आमच्या बाजूस वेठ व लग्नगडी ह्यांस खुद्द वारल्यांनींच १९४५ सालीं नकार दिला. त्यानंतर १९४८ चा कुळकायदा आला, १९७६ सालीं वेठबिगारी कायद्यानें बंद झाली, २००६ च्या कायद्यानें वनजमिनीवरचे हक्क मान्य झाले. अनुसूचित क्षेत्रांतील जमीन सरकारास घ्यावयाची तर ग्रामसभेची संमति आधीं घ्यावी असें २०१३ चा कायदा म्हणतो. कारखाने, रेल्वे, बंदर ह्यांसाठीं जमिनीची मागणी ह्या जिल्ह्यांत थांबलेली नाहीं. तेव्हां पूर्वीं जें काम अंगठ्यानें होई तें आतां ठरावानें होतें. तो ठराव सभेंत वाचून दाखविला जातो काय, आणि वाचला तर कळेल अशा बोलींत काय, हें विचारावयास जोतीराव आज नाहींत. मंडळीच्या पंचांच्या ठरावावर न वाचतां सही करणारे बंधु आमच्यांतही आहेत, हेंही कबूल करणें बरें.

जोतीरावांनीं बाप्तिस्मा घेतला नाहीं. ह्याची खंत आम्हांस आहे. तथापि सर्वांचा निर्माणकर्ता एक असून त्यानें स्त्रीपुरुषांस सारखेच स्वतंत्र निर्मिलें, हा त्यांच्या सर्व लिखाणाचा पाया होता. १८८८ सालीं अर्धांगानें उजवा हात गेला, तेव्हां डाव्या हातानें लिहून त्यांनीं सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पुरें केलें. आपल्या मिळकतीचीही व्यवस्था त्यांनीं १८८७ सालींच मृत्युपत्रानें लाविली होती. काशीबाई नांवाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनीं दत्तक घेतला होता. मिळकत त्यास दिली; पण तो शिकला नाहीं व वाईट निघाला, तर ती दुसऱ्या लायक मुलास जावी, असें लिहून ठेविलें. यशवंत डॉक्टर झाला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतीराव वारले. आपणांस दहन न करितां घरामागच्या आपल्याच जागेंत मिठांत पुरावें, अशी त्यांची इच्छा होती व तशी खांचही खणून ठेविली होती. ज्या नगरपालिकेचे ते सहा वर्षें सभासद होते, तिनें वस्तींत प्रेत पुरण्यास परवानगी दिली नाहीं. दहनच करावें लागलें. दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनीं वाद घातला, तेव्हां सावित्रीबाई स्वतः पुढें झाल्या, त्यांनीं टिटवें हातीं घेतलें, आणि त्या प्रेतापुढें चालूं लागल्या.