सागरकन्या रेल सन

शाळेच्या क्रीडामहोत्सवांत पहिल्या आलेल्या मुलाला व मुलीला सारखेंच बक्षीस मिळतें, ह्यांत आमच्या बालवाचकांस कांहींच नवल वाटणार नाहीं. परंतु जगाच्या व्यवहारांत ही साधी गोष्ट घडून येण्यास किती काळ लागतो, हें पुढील चरित्रावरून कळून येईल.

पॅसिफिक महासागरांत हवाई नांवाचा द्वीपसमूह आहे. फळीवर उभें राहून किनाऱ्याकडे धांवणाऱ्या लाटेवर स्वार होणें हा तेथील प्राचीन खेळ. त्यालाच सर्फिंग म्हणतात. पूर्वीं राजे, राण्या व सामान्य स्त्रीपुरुष सर्वच तो खेळत असत. ज्या अमेरिकन मंडळाचे मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले, त्याच मंडळाचे मिशनरी १८२० सालीं हवाईस पोंचले. त्यांनीं तेथें शाळा काढल्या व तेथील भाषेंत पुस्तकें छापलीं; परंतु स्त्रीपुरुषांनीं मिळून लाटांवर खेळावें, हें त्यांच्यांतील कित्येकांस रुचलें नाहीं. त्यांतच रोगराईनें लोकसंख्या घटली व खेळ मागें पडला. आमच्याच परंपरेंतील ही उणीव झांकून ठेवणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. विसाव्या शतकांत खेळाचें पुनरुज्जीवन झालें, तेव्हां मान व पैसा मुख्यतः पुरुषांच्या वांट्यास गेला.

रेल सन ह्यांचा जन्म १९५० सालीं ओआहू बेटावरील माकाहा येथें झाला. त्यांच्या हवाई भाषेंतील नांवाचा अर्थ सागराचें हृदय असा आहे. वयाच्या चवथ्या वर्षींच त्या फळीवर चढल्या. मोठेपणीं त्या माकाहाच्या किनाऱ्यावर बुडणाऱ्यांस वांचविणाऱ्या जीवरक्षक झाल्या. हवाईंत हें काम करणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत.

सर्फिंगच्या धंदेवाईक सामन्यांची जागतिक मालिका पुरुषांसाठीं १९७६ सालीं सुरू झाली. स्त्रियांसाठीं ती पुढील वर्षीं निघाली. स्त्रियांचीं बक्षिसें लहान असत. लाटा उत्तम असल्या म्हणजे पुरुषांचे सामने व्हावे, बिघडल्या म्हणजे स्त्रियांना पाण्यांत उतरवावें, असा प्रकार वारंवार घडे. आणि वर स्त्रियांचा खेळ रंगत नाहीं असाही बोल लागे! रेलबाई नुसती तक्रार करून थांबल्या नाहींत. जेरिको पॉपलर आदिकरून मैत्रिणींसह त्यांनीं धंदेवाईक स्त्री-खेळाडूंची संघटना उभारली व स्त्रियांचे सामने भरविण्यासाठीं खटपट केली. १९७६ सालीं त्यांनीं माकाहा येथें लहान मुलामुलींसाठीं वार्षिक सामने सुरू केले. त्या किनाऱ्यावर गरिबी फार. तेथील मुलांच्या त्या लाडक्या मावशी झाल्या.

१९८३ सालीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, त्यांना स्तनाचा कर्करोग जडला. पुढील सुमारें पंधरा वर्षें त्यांनीं दुखण्याशीं झगडत समुद्र सोडला नाहीं, व आपल्या भागांतील स्त्रियांस ह्या रोगाविषयीं सावध करण्याचें कामही केलें. २ जानेवारी १९९८ रोजीं त्या निवर्तल्या. त्यांच्या अस्थि माकाहाच्याच समुद्रांत विसर्जन करण्यांत आल्या.

समान बक्षीस मात्र त्यांच्या हयातींत आलें नाहीं. २०१८ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील तरुणांच्या एका सामन्यांत विजयी मुलाला ८,००० रँड व विजयी मुलीला ४,००० रँड मिळाले. दोघांच्या हातांतील धनादेशांचें छायाचित्र पाहून जगभर संताप उसळला. त्याच वर्षीं जागतिक सर्फिंग लीगनें समान बक्षिसांची घोषणा केली, व २०१९ पासून ती अमलांत आली. २०२१ सालीं टोकियो येथील ऑलिंपिकमध्यें सर्फिंगचा प्रथमच समावेश झाला, तेव्हां स्त्रियांचें पहिलें सुवर्णपदक कॅरिसा मूर ह्या हवाईच्याच कन्येनें पटकाविलें.

जें झाड आपण लावतों त्याची सावली आपणांस लाभेलच असें नाहीं. म्हणून लावण्याचें थांबावें काय? विद्यार्थिनींनो, ह्या प्रश्नाचें उत्तर रेलबाईंनीं आपल्या आयुष्यानें दिलें आहे. आणि पालकांस आमची एवढीच विनंति, कीं मैदानावर जाण्यास निघालेल्या मुलीला दारांत अडवूं नये.