आधी सैल, मग ओढ

तंबोऱ्याची खुंटी अडकली की हिसडा मारू नये, आधी फिरवून सैल करावी, हा धडा मला दरबारी गवई असलेल्या वडिलांनी दिला. पाउल माउझरचे चरित्र वाचताना तोच आठवला. जर्मनीतील ओबेर्नडॉर्फ येथे, राजाच्या शस्त्रशाळेतील कारागिराच्या घरी, १८३८ साली तो जन्मला. बार उडताच पितळी काडतूस फुगते आणि मळक्या नळीत चिकटून बसते. शत्रू पुढ्यात असता तेच मरण. माउझरच्या १८९८ च्या रायफलीत बोल्टची मूठ वर फिरविताच काडतूस किंचित मागे सरून सुटते. मग पोलादी आकडा ते ओढून काढतो. १९०१ मध्ये नवी बंदूक पारखताना त्याचा एक डोळा गेला. १९१४ साली तो वारला. शिष्याचा अडकलेला सूर मी आजही याच रीतीने सोडवितो.