चुकलेल्या उत्तरांचा अभ्यासक : झाँ पियाजे

स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल या गावी ९ ऑगस्ट १८९६ रोजी झाँ पियाजे यांचा जन्म झाला. वडील प्राध्यापक, म्हणजे घरात पुस्तकांना तोटा नसणार. (आमच्या घरी माझ्या क्रमिक पुस्तकांखेरीज छापील असे पंचांग तेवढे.) दहा-अकरा वर्षांच्या या मुलाने एका पांढऱ्या चिमणीवर लिहिलेले टिपण १९०७ मध्ये छापूनही आले. पुढे गोगलगायींचा नाद लागला आणि १९१८ मध्ये निसर्गविज्ञानात डॉक्टरेट मिळाली.

नंतर पॅरिसमध्ये शाळकरी मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांचे काम त्यांच्याकडे आले. काम तसे रटाळच. परंतु पियाजे चुकीच्या उत्तरांपाशी थबकले. एका वयाची मुले एकाच तऱ्हेने चुकतात, हे त्यांच्या ध्यानात आले. आमच्या प्राथमिक शाळेत गणित चुकले की छडी मिळे आणि वर ‘ढ’ ही पदवी! मुलाने तसे उत्तर का दिले, हे कुणी विचारीत नसे. पियाजेंनी आयुष्यभर तेच विचारले.

१९२१ पासून जिनिव्हा ही त्यांची कर्मभूमी झाली. आलिना शेमिंस्का यांच्यासह लिहिलेला, मुलांच्या संख्याकल्पनेवरील त्यांचा ग्रंथ १९४१ साली निघाला. त्यातला एक प्रयोग असा : प्रत्येक पेल्यासमोर एक अंडे ठेवायचे, मग अंडी जवळजवळ सरकवायची. चार-पाच वर्षांचे मूल म्हणते, पेले जास्त. मोजता येत असले तरीही! पाच वर्षांच्या माझ्या भावापुढे मी चिंचोक्यांच्या दोन रांगा मांडल्या. शंभरापर्यंत घडाघडा म्हणणारा हा गडी लांब रांगेकडेच बोट दाखवून मोकळा झाला.

आकडे म्हणणे निराळे आणि संख्या उमगणे निराळे. जोड्या लावणे, लहानमोठा क्रम लावणे, गट पाडणे आणि मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते हे कळणे, या साऱ्यांतून संख्या घडते, असे पियाजेंचे मत. ही शेवटची समज साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास येते, असे त्यांना आढळले.

ते मुलांना जरा कमीच लेखत, असे मला वाटते. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी हाच प्रयोग केला, पण रांग विस्कटली ती एका खट्याळ खेळण्यातल्या अस्वलाने. तेव्हा कितीतरी अधिक लहान मुलांनी बरोबर उत्तर दिले. मोठा माणूस मुद्दाम सोंगट्या हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारू लागला, तर मूल बिचारे गोंधळणारच!

१६ सप्टेंबर १९८० रोजी जिनिव्हा येथे पियाजे निवर्तले.