उशिरा जुळलेला चोख हिशेब

मराठीत ‘चोख’ या शब्दाला मोठा मान आहे. सोने चोख, व्यवहार चोख, हिशेब चोख. ज्यात भेसळ नाही आणि ज्यावर डोळे मिटून विसंबावे, ते चोख. यान चोख्राल्स्की या पोलिश धातुशास्त्रज्ञाच्या आडनावात हा शब्द आला तो निव्वळ योगायोगाने. त्यांच्या भाषेशी त्याचा काही संबंध नाही. पण त्यांचे चरित्र वाचत गेलो, तसा हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटू लागला.

आपल्या घरातला टीव्ही, संगणक, मोबाइल काहीही उघडून पाहा. आत सिलिकॉनची चिप असतेच. ती ज्या सिलिकॉनच्या कांडीतून कापली जाते, ती कांडी बहुतेक वेळा या गृहस्थांच्या पद्धतीनेच तयार झालेली असते. असे असूनही आपल्याकडे हे नाव क्वचितच कुणाच्या कानावरून गेले असेल.

23 ऑक्टोबर 1885 रोजी क्त्सिन्या या लहानशा गावात, एका सुताराच्या दहा मुलांच्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तेव्हा नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता. गाव प्रशियाच्या ताब्यात होते. मुलाने शिक्षक व्हावे ही वडिलांची इच्छा. मुलाचा जीव मात्र रसायनांत गुंतलेला. ऐन विशीत त्याने बर्लिन गाठले. औषधांच्या दुकानात, मग रासायनिक कारखान्यात काम करीत तो 1907 च्या सुमारास ‘एईजी’ या बड्या विद्युत कंपनीत पोचला. 1910 मध्ये मार्गारेटे हासे या पियानोवादक तरुणीशी त्याचे लग्न झाले.

1916 सालची गोष्ट अशी सांगतात. चोख्राल्स्की टेबलाशी बसून टिपणे लिहीत होते. शेजारी वितळलेल्या कथिलाची मूस निवत ठेवलेली. लिहिण्याच्या तंद्रीत त्यांनी टाक दौतीऐवजी कथिलात बुडवला आणि दचकून वर ओढला. टाकाच्या टोकाला धातूचा बारीक धागा लोंबत होता. दुसरा कोणी असता, तर चरफडत टाक पुसून पुन्हा कामाला लागला असता. यांनी धागा तपासला. तो संपूर्ण धागा म्हणजे एकच स्फटिक होता!

यात विशेष काय, ते समजून घेण्याजोगे आहे. धातूचा साधा तुकडा असंख्य सूक्ष्म कणांचा बनलेला असतो. प्रत्येक कणात अणू शिस्तीने रांगेत उभे असतात, पण शेजारच्या कणातल्या रांगांची दिशा वेगळी असते. जिथे दोन कण भिडतात, ती कणसीमा. मळ साचतो तो तिथे, विजेच्या वाटेत अडथळा येतो तो तिथे. एकस्फटिकात अशी सीमाच नसते. या टोकापासून त्या टोकापर्यंत अणूंची एकच रांग. धातू किती वेगाने गोठतो हे मोजण्यासाठी चोख्राल्स्कींनी ही पद्धत वापरली आणि 1918 मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा पुढे केवढा उपयोग होणार आहे, याची त्या वेळी कोणालाच कल्पना नव्हती.

त्यांना कीर्ती आणि पैसा मिळाला तो दुसऱ्याच शोधामुळे. रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगसाठी कथिल लागे आणि जर्मनीला ते बाहेरून आणावे लागे. चोख्राल्स्कींनी शिशात सोडियम, कॅल्शियम, लिथियम यांसारखे धातू अल्प प्रमाणात मिसळून कथिलाशिवाय चालणारा मिश्रधातू बनवला. 1924 मध्ये त्याचे पेटंट झाले. जर्मन धातुशास्त्र संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक होतेच. 1925 मध्ये ते तिचे अध्यक्षही झाले.

मग मायदेशाने हाक दिली. पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला होता आणि त्याचे राष्ट्राध्यक्ष इग्नात्सी मोश्चित्स्की स्वतः रसायनतज्ज्ञ होते. त्यांच्या निमंत्रणावरून 1928 मध्ये जर्मनीतला जम बसलेला संसार आवरून चोख्राल्स्की वॉर्सात आले आणि तिथल्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. मिळवलेला पैसा त्यांनी मोकळ्या हाताने वाटला. संगीतकार शोपँ यांच्या जन्मघराची पुनर्बांधणी आणि बिस्कुपिन येथील पुरातत्त्वीय उत्खनन, दोन्हींना त्यांची मदत झाली. तरी जर्मनीहून आलेला हा श्रीमंत माणूस काहींच्या डोळ्यांत सलत होताच. एका प्राध्यापकाशी झालेला वाद कोर्टापर्यंत गेला.

1939 मध्ये जर्मनांनी पोलंड व्यापला. विद्यापीठ बंद पडले. चोख्राल्स्कींनी तिथे धातू व इतर पदार्थ तपासणारी संस्था चालवली. कागदोपत्री ती जर्मनांच्या परवानगीने चालत होती आणि त्यांची कामेही करीत होती. त्याच छताखाली विद्यापीठातल्या माणसांना नोकरी आणि संरक्षण मिळाले. भूमिगत सैन्यासाठीही तिथे गुपचूप काम होई. आपल्या जर्मन ओळखी वापरून त्यांनी काही जणांची सुटकाही करवली. अशा कामाची पावती कोण ठेवणार? ठेवली, तर जीव जायचा.

युद्ध संपत आले आणि हिशेब मागणारे उभे राहिले. एप्रिल 1945 मध्ये शत्रूशी हातमिळवणी केल्याच्या आरोपावरून चोख्राल्स्कींना अटक झाली. चौकशीत काही निघाले नाही, ऑगस्टमध्ये सुटका झाली. परंतु डिसेंबर 1945 मध्ये विद्यापीठाच्या सिनेटने त्यांना परत घेण्यास नकार दिला.

इथे मी थबकलो. बँकेतल्या नोकरीत खातेनिहाय चौकशीतून निर्दोष सुटलेली माणसे मी पाहिली आहेत. कागदावर डाग राहत नाही, पण जुनी खुर्ची परत मिळत नाही आणि कँटीनमध्ये शेजारी बसणारे कमी होतात. आयुष्यभर कणसीमा न्याहाळणारा हा शास्त्रज्ञ स्वतःच दोन राष्ट्रांच्या सीमेवर उभा होता, आणि घाव नेमका तिथेच बसला.

साठीचे चोख्राल्स्की आपल्या गावी परतले. तिथे त्यांनी ‘बियॉन’ नावाचा छोटा कारखाना काढून सौंदर्यप्रसाधने आणि घरगुती वापराची रसायने बनवली. कबुतराच्या चिन्हाची त्यांची सर्दीवरची पावडर लोकप्रिय होती. एकस्फटिक घडवणारा हात पडशाच्या पुड्या विकू लागला, हे वाचून वाईट वाटते. पण त्यांनी काम थांबवले नाही, याचे कौतुकही वाटते. 1953 मध्ये गुप्त पोलिसांनी त्यांच्या घराची झडती घेतली. त्यानंतर त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि 22 एप्रिलला पोझनान येथे त्यांचे निधन झाले. गावच्या दफनभूमीत त्यांच्या थडग्यावर नावही नव्हते.

याच सुमारास अमेरिकेत त्यांची पद्धत बाळसे धरीत होती. 1948 मध्ये बेल प्रयोगशाळेत गॉर्डन टील आणि जॉन लिटल यांनी वितळलेल्या जर्मेनियममधून एकस्फटिक ओढून काढला. वरिष्ठांना ते काम फारसे गरजेचे वाटत नव्हते. टील रात्री जागून प्रयोग करीत. कणसीमा गेल्या आणि ट्रान्झिस्टर भरवशाचे झाले. जर्मेनियम तापले की मात्र दगा देई. मे 1954 मध्ये टील यांनी एका परिषदेत वाजत्या रेकॉर्ड प्लेअरचा जर्मेनियम ट्रान्झिस्टर गरम तेलात बुडवला. गाणे बंद पडले. मग सिलिकॉनचा बुडवला. गाणे चालूच राहिले! चोख्राल्स्कींना जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

आज सिलिकॉन सुमारे 1,414 अंश सेल्सिअसला वितळवतात, त्यात स्फटिकाचे बीज टेकवतात आणि फिरवत फिरवत सावकाश वर ओढतात. त्यातून 300 मिलिमीटर व्यासाच्या चकत्या निघतात. जगभरचे अभियंते या रीतीला चोख्राल्स्की पद्धतच म्हणतात.

त्यांच्या थडग्यावर नाव लागायला 1998 साल उजाडले. भूमिगत सैन्याशी असलेल्या त्यांच्या संबंधांचा कागद अखेर अभिलेखागारात सापडला आणि जून 2011 मध्ये वॉर्सा तंत्रविद्यापीठाच्या सिनेटने त्यांना सन्मानाने निर्दोष ठरवले. 2013 हे वर्ष पोलंडच्या संसदेने त्यांच्या नावे साजरे केले.

ज्या रकमेचा मेळ लागत नाही, ती आम्ही बँकेत सस्पेन्स खात्यात टाकून ठेवत असू. ही नोंद तिथे 65 वर्षांहून अधिक काळ पडून होती. ती जुळली तेव्हा खातेदार हयात नव्हता. त्याचे स्फटिक तेवढे घरोघरी पोचले होते.