खुराड्यातला स्टुडिओ

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनबाईंचा जन्म १८१५ चा, आणि तोही कलकत्त्याचा! हातात पहिला कॅमेरा आला १८६३ मध्ये, लेक-जावयाने भेट दिला म्हणून. वय वर्षे ४८. (आपण विशीतच ‘आता काय शिकणार’ म्हणतो.) आइल ऑफ वाइटवरच्या घरी कोळशाची खोली झाली डार्करूम. कोंबड्या सोडून दिल्या, त्यांचं काचेचं खुराडं झालं स्टुडिओ. फ्लॅश वगैरे नाही, फक्त दिवसाचा उजेड. काचेच्या प्लेटवर ओलं कलोडियन, ते सुकायच्या आत सगळं उरकायचं. तोवर समोरच्या मित्राला हलायची बंदी!

शास्त्रज्ञ जॉन हर्शेल त्यांचे जुने स्नेही. फोटो पक्का करायची हायपोची युक्ती त्यांचीच. १८६७ मध्ये बाईंनी त्यांना केस धुवायला लावून ते मुद्दाम विस्कटले, उजेड त्यात अडकावा म्हणून. काळोखातून नुसता चेहरा वर येतो, सुरकुत्या सगळ्या तशाच. आम्ही रूममेटचा फोटो सॉफ्टवेअरमध्ये घासून गुळगुळीत करतो. बाईंनी प्लेटवरचे डागसुद्धा राहू दिले. समीक्षकांनी गचाळ म्हणून टर उडवली, पण बाईंनी फोकस बदलला नाही. मला हा हट्टच जाम आवडला.

१८७५ मध्ये बाई नवऱ्याबरोबर सिलोनला गेल्या. तिथे मळ्यातल्या कामगारांचे फोटो काढले. १८७९ मध्ये तिथेच वारल्या.