नासा आणि संस्कृतच्या मेसेजचा धागा थेट सांगलीच्या तासगावात येतो, तो नागेशभट्टांमुळे

कॉम्प्युटरसाठी जगातली सगळ्यात योग्य भाषा संस्कृत आहे, असं नासानं मान्य केलंय. हा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर एकदा तरी येऊन गेला असेल. काका फॉरवर्ड करतात, कुणी हात जोडतं, कुणी हसतं आणि विषय तिथंच संपतो.

पण या मेसेजचं मूळ शोधत गेलं की आधी अमेरिका लागते, मग काशी लागते आणि शेवटी आपण येऊन पोहोचतो ते सांगली जिल्ह्यातल्या तासगावात.

हो, तेच तासगाव. द्राक्षांचं, बेदाण्याचं आणि गणपतीच्या रथाचं.

गोष्ट अशी आहे की १९८५ मध्ये रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकानं एआय मॅगझिन या नियतकालिकात एक लेख लिहिला. तो नासाच्या एम्स केंद्राशी जोडलेल्या एका संस्थेत काम करायचा. कॉम्प्युटरला माणसाच्या वाक्याचा अर्थ कसा समजावून द्यायचा, हा तेव्हा मोठा प्रश्न होता. ब्रिग्जनं दाखवलं की भारतातल्या व्याकरणकारांनी वाक्याचा अर्थ उलगडण्याची जी पद्धत तयार केली होती, ती कॉम्प्युटरवाल्यांच्या पद्धतीशी बरीच जुळते. नासानं संस्कृतमध्ये कॉम्प्युटर बनवला, असं त्यात कुठंही नव्हतं.

ब्रिग्जनं या लेखात ज्या व्याकरणकारांचा आधार घेतला, त्यातलं एक महत्त्वाचं नाव म्हणजे नागेशभट्ट. आडनाव काळे.

तासगावचं घराणं, काशीचं शिक्षण

नागेशभट्ट, ज्यांना नागोजीभट्ट असंही म्हणतात, ते सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेले. वडिलांचं नाव शिवभट्ट, आईचं नाव सती. घराणं तासगावचं. तासगाव पुढं सातारा जिल्ह्यात होतं आणि १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाल्यावर त्यात गेलं. त्याच जिल्ह्याचं नाव नंतर सांगली झालं.

त्या काळात शास्त्र शिकायचं तर काशी गाठावी लागायची. नागेशभट्टांचं शिक्षण तिथंच झालं. गुरू मिळाले हरि दीक्षित. सिद्धान्तकौमुदी लिहिणाऱ्या भट्टोजी दीक्षितांचे हे नातू. म्हणजे व्याकरणातल्या सगळ्यात मोठ्या घरात त्यांना प्रवेश मिळाला.

पुढं गंगेकाठच्या शृंगवेरपूरच्या राम नावाच्या राजानं त्यांना आश्रय दिला. वादसभांमध्ये ते गाजले. त्यांच्याबद्दल एक गोष्ट आजही सांगतात. जयपूरच्या सवाई जयसिंगानं अश्वमेध यज्ञाचं आमंत्रण पाठवलं, पण आपण क्षेत्रसंन्यास घेतलाय, काशी सोडता येणार नाही, असं म्हणून नागेशभट्टांनी ते नाकारलं.

काशीत बसून त्यांनी लिहिलं किती? लहानमोठे ग्रंथ मोजले तर आकडा शंभराच्या आसपास जातो. त्यातले परिभाषेन्दुशेखर, लघुशब्देन्दुशेखर, महाभाष्यावरचा उद्द्योत आणि मंजूषा हे ग्रंथ व्याकरण शिकणाऱ्याला आजही टाळता येत नाहीत.

नियमांचं भांडण सोडवणारा माणूस

आता तुम्ही म्हणाल, व्याकरणात एवढं लिहिण्यासारखं काय असतं?

पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रं आहेत. सूत्रं अगदी छोटी, जवळपास कोडसारखी. अच् म्हटलं की सगळे स्वर, हल् म्हटलं की सगळी व्यंजनं. प्रोग्रामर एका नावात सगळी यादी भरून ठेवतो, तसंच हे.

पण इतके नियम एकत्र आले की ते एकमेकांना धडकणारच. शाळेतला संधी आठवा. इति अधिक आदि म्हणजे इत्यादि. इ च्या पुढं स्वर आला की इ चा य होतो. मग याच नियमानं कवि अधिक ईश्वर यांचं काय व्हायला हवं? कव्यीश्वर. पण आपण म्हणतो कवीश्वर. कारण दोन सारखे स्वर शेजारी आले की दोघांचा मिळून एक दीर्घ स्वर होतो, असा वेगळा नियम आहे आणि तो पहिल्याला बाजूला सारतो.

कुठला नियम कधी जिंकणार, हे ठरवणारे नियम म्हणजे परिभाषा. थोडक्यात, नियमांचे नियम. नागेशभट्टांनी परिभाषेन्दुशेखरात हेच काम केलं. परंपरेनं आलेली एकेक परिभाषा तपासली, ती खरंच लागते का, कुठं लागते आणि कुठं मोडते, हे दाखवलं. सर्वसाधारण नियम आणि अपवाद समोरासमोर आले तर अपवाद बलवान, ही त्यातलीच एक.

कॉम्प्युटरच्या भाषेतही हा प्रश्न टळत नाही. साध्या गणितात गुणाकार आधी की बेरीज आधी, हे ठरवून दिलं नाही तर मशीन अडकतं. १९६७ मध्ये इंगरमन नावाच्या अमेरिकी संशोधकानं सुचवलं होतं की प्रोग्रामिंगच्या भाषांचं व्याकरण लिहिण्याच्या बॅकस यांच्या पद्धतीला पाणिनीचंही नाव जोडावं.

ऊस, पाणी आणि अर्थ

ब्रिग्जला उपयोगी पडला तो मंजूषेतला विचार. शेतकरी उसाला पाणी देतो, हे वाक्य घ्या. व्याकरणकारांच्या मते या वाक्याच्या मध्यभागी शेतकरी नसतो, क्रिया असते. देण्याची क्रिया चालू आहे. तिचा कर्ता शेतकरी, कर्म पाणी, ज्याला द्यायचं तो ऊस, काळ वर्तमान. शब्दांची जागा बदलून पाणी उसाला शेतकरी देतो असं म्हटलं, तरी हे जाळं तसंच राहतं.

हैदराबादच्या ट्रिपल आयटीमध्ये भारतीय भाषांची वाक्यं कॉम्प्युटरसाठी उलगडताना कर्ता, कर्म अशा कारकांवर आधारलेल्या खुणाच वापरल्या गेल्या.

पण नागेशभट्टांना हेही माहीत होतं की माणसाची भाषा नियमांवर संपत नाही. सैंधव आण, हे शास्त्रातलं जुनं उदाहरण. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधू देशाचा घोडासुद्धा. जेवताना म्हटलं तर मीठ आणायचं, प्रवासाला निघताना म्हटलं तर घोडा. हा अर्थ शब्दात नाही, प्रसंगात आहे.

त्यांनी भाष्य केलं त्या महाभाष्यात पतंजलीनं एक साधी गोष्ट सांगितलीय. मडकं हवं असलं की माणूस कुंभाराकडं जातो, पण शब्द हवे म्हणून कुणी व्याकरणकाराकडं जात नाही. लोक आधी बोलतात, व्याकरण मागून येतं. कॉम्प्युटरच्या भाषेत नेमकं उलटं. तिथं कुंभार आधी आणि बोलणं नंतर.

मेसेजमध्ये न येणारी गोष्ट

नैयायिक पंडितांचा एक दावा होता. अर्थ सांगायची मूळ ताकद फक्त शुद्ध संस्कृत शब्दांत आहे. लोकांच्या बोलीतले शब्द म्हणजे अपभ्रंश, ते ऐकून मूळ संस्कृत शब्द आठवतो आणि मगच अर्थ कळतो.

नागेशभट्टांना हे पटलं नाही. ज्यांना संस्कृतचा गंधही नाही, तेही बोलीतलं बोलणं थेट समजतात. मग त्यांना संस्कृत शब्द आठवणार कुठून? म्हणून त्यांनी मांडलं की अर्थ सांगायची शक्ती बोलीतल्या शब्दांतही तितकीच असते. शुद्ध शब्द वापरण्याचं पुण्य ते मानत होते, पण अर्थ ही त्यांच्या लेखी संस्कृतची मक्तेदारी नव्हती.

ज्यांच्या विचाराचा आधार घेऊन एकाच भाषेला सगळ्यात वरचं स्थान दिलं जातं, त्या माणसाचं म्हणणं असं होतं.

मूल नसलेल्या माणसाचा वंश

नागेशभट्टांना मूलबाळ नव्हतं. शब्देन्दुशेखर हा आपला मुलगा आणि मंजूषा ही मुलगी, असं त्यांनी लिहून ठेवलंय. परिभाषेन्दुशेखराच्या शेवटी येणारी परिभाषा सांगते की सूत्रात अर्धी मात्रा जरी वाचली, तरी व्याकरणकाराला मुलगा झाल्याचा आनंद होतो.

त्यांचा वंश चालला तो शिष्यांमधून. काशीत वैद्यनाथ पायगुंडे झाले. हीच परंपरा पुण्यात नीळकंठशास्त्री थत्ते यांच्यापर्यंत आली आणि तिथून साताऱ्याला भास्करशास्त्री अभ्यंकरांकडं. भास्करशास्त्रींनी साताऱ्यात कितीतरी विद्यार्थी घडवले. १८७० मध्ये ते गेले तेव्हा त्यांचा नातू वासुदेव अवघ्या सात वर्षांचा होता. तोच पुढं महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकर झाला. त्यांनी नागेशभट्टांच्या दोन्ही शेखरांवर टीका लिहिल्या आणि पतंजलीचं अख्खं महाभाष्य मराठीत आणलं.

तासगावच्या घराण्यातला माणूस काशीला शिकला आणि त्याची विद्या पुण्यामार्गे पुन्हा कृष्णेच्या खोऱ्यात आली. तीही अखेर मराठीत, म्हणजे त्यांच्याच मतानुसार अर्थ सांगायची पूर्ण ताकद असलेल्या भाषेत.

पुढच्या वेळी काकांचा तो मेसेज आला, तर त्यांना तासगावच्या काळ्यांची ही गोष्ट पाठवा.